डायलिसिस विभागाबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांसाठी व्यक्तिकेंद्रित समुपदेशन: प्रत्यक्षात कसं करायचं?

सोनटक्का

नमस्कार. एका धर्मादाय रुग्णालयातल्या डायलिसिस विभागासाठी हा प्रश्न आहे. पेशंटभोवती डॉक्टर, टेक्निशियन, आहारतज्ज्ञ असतात. पण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास बाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या बायका, आया, मुलगे यांची विचारपूस कोणी करत नाही. त्यांच्यासाठी समुपदेशन सुरू करण्याचं काम समाजसेवा विभागाकडे आलं आहे. आम्ही दोघी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातल्या पदव्युत्तर) आहोत, समुपदेशनाची पदविकाही केली आहे. व्यक्तिकेंद्रित पद्धत, म्हणजे सल्ला न देता ऐकून घेऊन समोरच्याला स्वतःचं उत्तर सापडू देणारी, अभ्यासक्रमात होती. तिचे जनक कार्ल रॉजर्स, समानुभूती (समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं), बिनशर्त स्वीकार, सच्चेपणा हे सगळं पाठ आहे. प्रत्यक्षात मात्र इथे गाडी अडते:

१. बहुतेकांचं पहिलंच वाक्य "ताई, आता तुम्हीच सांगा काय करू" असं असतं. सल्ला द्यायचा नाही तर मग बोलायचं काय?

२. त्यांचं म्हणणं परत त्यांना ऐकवलं की दोन-तीन वाक्यांतच ती पोपटपंची वाटायला लागते. समोरची बाई चमकून बघते.

३. आजार बरा होणार नाही, खर्च कमी होणार नाही. मग ऐकून घेण्याने नेमकं काय साधतं? व्यवस्थापनाला हे कसं पटवायचं?

४. किडनी कोणी द्यायची यावरून घराघरांत ताण असतो. तिथे आपण काय भूमिका घ्यायची?

५. कुठे थांबायचं आणि मनोविकारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचं?

स्वतंत्र खोली नाही, पडदा लावलेला एक कोपरा आहे. करून बघता येईल असं काही सांगा.

पाणंद

सोनटक्काताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला की पहिले दोन बरेचसे सुटतात.

नातेवाइकांच्या ताणाचा एक भाग उघड असतो: पैसे, प्रवास, रजा, पथ्य, मशीनच्या वेळा. त्यातलं जे हलकं करता येईल ते तुम्ही योजना आणि कागदपत्रं यांतून करताच. दुसरा भाग दिसत नाही. उदाहरण पाण्याचंच घ्या. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं अधिक साधारण अर्धा लिटर, असा हिशोब बहुतेक पेशंटना सांगितलेला असतो. तो पाळायची जबाबदारी बायकोवर पडते. ती भांडं मोजत राहते आणि "माझ्या घोटभर पाण्यावर उठलीस" हे ऐकत राहते. तिला राग येतो. पण आजारी नवऱ्यावर रागावणारी बाई चांगली नव्हे, हे इतकं आत मुरलेलं असतं की हा राग आहे हे तिचं तिलाच कळत नाही. मग डोकं दुखतं, झोप उडते, मुलांवर हात उगारला जातो, नाहीतर "मीच कुठेतरी कमी पडते" हे मनात घर करून बसतं.

रॉजर्स यांचं म्हणणं असं की आपण स्वतःला जसे समजतो आणि आपल्याला आतून जे जाणवतं, त्यांत अंतर पडलं की माणूस अस्वस्थ होतो. हे अंतर वाढवतात त्या लायकीच्या अटी: अशी वागलीस तर तू चांगली, तशी वागलीस तर नाही. जिथे अशी अट कोणी घालत नाही अशा एका नात्यात बसायला मिळालं, की दाबून ठेवलेलं आपल्यापाशी तरी कबूल करता येतं. राग राग म्हणून ओळखला गेला की त्याचं काय करायचं हे तिला ठरवता येतं. आजार तसाच राहतो. पण स्वतःशी रात्रंदिवस चाललेलं भांडण कमी होतं, आणि त्यात खर्च होणारं बळ झोपेला, मुलांना, उद्याच्या डायलिसिसला उपयोगी येतं. व्यवस्थापनाला एवढंच सांगा. "ताणमुक्ती" वगैरे आश्वासन देऊ नका.

आता प्रत्यक्ष बोलणं. समजा ती म्हणाली, "मी पाणी मोजून देते, तर म्हणतात तू माझी वैरीण आहेस."

आपल्या तोंडावर पटकन येणारी उत्तरं अशी: "अहो, आजारपणात माणूस चिडतोच, मनावर घेऊ नका." (तिला जे वाटतं ते वाटून घेऊ नका, असा याचा अर्थ होतो.) "तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच करताय ना." (ही शाबासकी आहे. शाबासकी मिळाली की पुढचं कटू बोलणं अवघड होतं, कारण आता चांगली बायको होऊन दाखवावं लागतं.) "तुम्हाला वाईट वाटलं असेल." (चूक नाही, पण इतकं ढोबळ की कुणालाही म्हणता येईल.)

त्याऐवजी: "जीव वाचावा म्हणून पाणी तोडायचं, आणि त्याबद्दल वैरीणही तुम्हीच."

बहुतेकदा पुढे काहीतरी खोलातलं येतं: "कधी कधी वाटतं, पिऊ दे काय प्यायचं ते. होऊ दे काय व्हायचं ते." मदत करणारी माणसं घाबरून पळ काढतात ती याच ठिकाणी. "असं नका बोलू", "धीर धरा". तिने मोठ्या हिमतीने उघडलेलं दार आपण लावून घेतो. इथे तिच्याबरोबर थांबायचं: "एखाद्या क्षणी वाटतं, सोडूनच द्यावं सगळं." आवाज शांत, नजर तिच्याकडे. बिनशर्त स्वीकार शब्दांत नसतो. हे ऐकून तुमच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलत नाही, तिथे तो असतो. तिने खरंच जास्त पाणी द्यावं असं तुमचं मत झालंय, असा याचा अर्थ होत नाही. भावनेचा स्वीकार आणि कृतीला संमती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पोपटपंचीबद्दल. ती होते कारण आपण शब्द परत देतो आणि अर्थ मागेच राहतो. एक, तुमचं वाक्य तिच्या बोलण्याहून बरंच लहान असू द्या. दोन, तिने सांगितलेल्या घटनेपेक्षा त्या घटनेतून तिच्यावर काय गुदरलं ते पकडा. तीन, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की..." हा साचा टाकून द्या, एका भेटीत तो चारदा आला की समोरचा माणूस कंटाळतो. चार, चुकायला घाबरू नका. "दमलात अगदी" म्हटल्यावर ती म्हणाली, "दमले नाही हो, चीड येते," तर काम झालं. तिने स्वतःत डोकावून बरोबर शब्द शोधला, हेच हवं होतं. आपलं वाक्य तिने तपासून बघायचं असतं, म्हणून ते ठामपणे न म्हणता जरा सोडून दिल्यासारखं म्हणावं.

"तुम्हीच सांगा काय करू" यावर "तुम्हाला काय वाटतं?" हे उत्तर देऊ नका. आपल्याकडे ते टाळाटाळ वाटतं, आणि वयाने मोठ्या माणसाला तर उद्धट. आधी पाहा की प्रश्न माहितीचा आहे का. "फिश्चुलाच्या हाताने भांडी घासली तर चालतील का?" (फिश्चुला म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) याचं उत्तर नर्सला विचारून सरळ द्यायचं. माहिती दडवून ठेवणं म्हणजे व्यक्तिकेंद्रित असणं, हा गैरसमज पदविकेच्या वर्गांतून पसरलाय. माहिती द्यावी, योजना सांगावी, निर्णय मात्र देऊ नये. प्रश्न निर्णयाचा असेल, उदाहरणार्थ "नोकरी सोडू का?", तर आधी त्याचं ओझं ओळखा: "इतकं जड झालंय की कोणीतरी एकदाचं ठरवून द्यावं असं वाटतंय." नंतर स्वतःबद्दल खरं ते सांगा: "मी सांगितलेलं उत्तर तुम्हाला घरी निभवावं लागेल, आणि तुमचं घर मला तुमच्याइतकं ठाऊक नाही. पण याच्या सगळ्या बाजू आपण इथे बसून बघू, मी सोबत आहे." सच्चेपणा तो हा. बहुतेक जण हे समजून घेतात.

प्रगती कशी ओळखायची? रॉजर्स यांनी बदलाच्या सात पायऱ्या वर्णन केल्या आहेत. सगळ्या लक्षात ठेवायची गरज नाही, दिशा ओळखता आली की पुरे. सुरुवातीला बोलणं बाहेरच्या गोष्टींचं असतं: डॉक्टर असं म्हणाले, सासूबाई तसं म्हणाल्या. मग भावना येते, पण भूतकाळातली किंवा कुणाचीच नसलेली: "माणूस थकतोच की", "बाईच्या जातीला सोसावंच लागतं". पुढे "मी थकले" येतं. आणि मग कधीतरी, "आत्ता बोलतानाच घशाशी आवंढा आलाय." कोणालाही या वाटेवर ढकलायचं नाही. "माणूस थकतोच" म्हणणाऱ्या बाईला "तुम्ही थकलात का?" असं विचारून पुढच्या पायरीवर ओढलं तर ती मागे सरते. तिच्याच पायरीवर उभं राहा: "थकतोच. कितीही केलं तरी." पुढची पायरी ती स्वतः चढते.

रॉजर्स यांचे सहकारी युजीन जेंडलिन यांचा भर यावरच होता. स्पष्ट शब्द नसलेली, अंगात जाणवणारी जी हुरहूर असते, तिच्याकडे लक्ष देणाऱ्यांना समुपदेशनाचा फायदा जास्त होतो. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही: जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, काळजात चर्र होतं, पोटात गोळा येतो. हे शब्द आले की डॉक्टरी तपासणीची गरज आहे का ते पाहा, आणि नसेल तर तिथे थांबा. "पोटात गोळा... कसा?" एवढं पुरतं.

उंबरा

पाणंद यांनी आतलं सांगितलं. मी बाहेरची व्यवस्था सांगतो, कारण बऱ्याच ठिकाणी काम फसतं ते तिथेच.

वेळ: चार तासांच्या डायलिसिसमध्ये पहिला अर्धा तास सुया लावणं, मशीन जोडणं यात जातो. शेवटच्या तासात बीपी उतरणं, पायात गोळे येणं असे प्रकार जास्त होतात आणि नातेवाइकांना हाक मारली जाते. म्हणून भेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या तासात ठेवा. नेहमीचं सत्र 50 मिनिटांचं असतं. तुमच्याकडे 30 ते 40 जमलं तरी चालेल, पण दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच समुपदेशक. सुरुवातीला सहा भेटी ठरवा आणि सहाव्या भेटीत पुढे चालू ठेवायचं का ते दोघांनी मिळून ठरवा. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी तसं सांगा. उघडी जखम घेऊन कोणी परत बाकावर जाऊन बसू नये.

नर्सला आधीच सांगून ठेवा की तातडीचं असेल तर पडद्याबाहेरून आवाज द्यायचा, एरवी आत यायचं नाही. हे सांगून ठेवलं नाही तर बाईचं अर्धं लक्ष पडद्याकडे राहतं.

जागा: पडद्याचा कोपरा खासगी नसतो. पलीकडच्या बाकावर तिचीच जाऊ बसलेली असते. दुपारी रिकामी असणारी ओपीडीची खोली, आहारतज्ज्ञांची केबिन, काहीही मिळवा. नाहीच मिळालं तर कोपऱ्यात खोल बोलणं सुरूच करू नका, फक्त ओळख करा आणि खोली मिळेल त्या दिवसाची वेळ द्या. खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरप्या ठेवा, म्हणजे नजर चुकवायची मोकळीक राहते. टेबल मध्ये नको. खाटेजवळ, पेशंटच्या देखत तर कधीच नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रॉजर्स यांनी 1957 च्या लेखात बदलासाठी सहा अटी मांडल्या. अभ्यासक्रमात तीनच घोकवल्या जातात. सहावी अट अशी की समुपदेशकाची समानुभूती आणि स्वीकार समोरच्या माणसापर्यंत थोडा तरी पोहोचला पाहिजे. तुमच्या मनात कितीही माया असली तरी समोरच्याला ती जाणवली नाही, तर अट पुरी होत नाही. तुमच्या बाबतीत ती कुठे अडेल? सवलतीचा अर्ज, ट्रस्टची मदत, योजनेचे कागद हे सगळं समाजसेवा विभागातून जातं. समोर बसलेल्या बाईच्या मनात, "ताईंना हे सांगितलं तर बिल कमी करतील का? नवऱ्याबद्दल वाईट बोलले तर कागद अडेल का?" असं चालू असेल तर ती तुमच्यासमोर गरीब, सोशिक, कृतज्ञ राहील. तिथे कितीही कौशल्य वापरलं तरी उपयोग नाही. तुम्ही दोघी आहात ना? मग एका कुटुंबाचे कागद जिच्याकडे, तिने त्याच कुटुंबाचं समुपदेशन करायचं नाही. पहिल्या भेटीत हे स्पष्ट सांगा: "इथे जे बोलाल त्याचा बिलाशी, सवलतीशी संबंध नाही. ते काम माझी सहकारी बघते, आणि हे बोलणं मी तिला सांगत नाही."

गोपनीयतेच्या मर्यादाही पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला कोणाला तरी सांगावं लागेल, आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं मला बंधनकारक आहे. हे आधी न सांगता नंतर करणं म्हणजे विश्वासघात.

नोंदी थोडक्यात ठेवा: तारीख, वेळ, जोखीम आहे की नाही, पुढची भेट. रोग्याच्या केसपेपरमध्ये नातेवाइकाचं बोलणं कधीही लिहू नका. तो कागद पेशंट स्वतः वाचतो.

विवेकी

थोडा वेगळा सूर लावतो. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीची मोठी परंपरा आहे, कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. आपल्या नातेवाइकांना सहा भेटी मिळणार, त्याही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. एवढ्या वेळात "मी रागावता कामा नये", "सगळं मीच केलं पाहिजे" या हट्टी मागण्या शोधून त्यांना प्रश्न विचारले, घरी करायला छोटा सराव दिला, तर माणूस काहीतरी हातात घेऊन जातो. एलिसही बिनशर्त स्वीकारच शिकवतात, पण स्वतःचा स्वतः करायचा. नुसतं ऐकून घेतलेला माणूस मोकळा होऊन घरी जातो आणि रात्री पुन्हा त्याच घोळात अडकतो. शिवाय संशोधनाचा कौलही विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे सीबीटीच्या बाजूने आहे.

पाणंद

विवेकी, संशोधनाचा कौल इतका एकतर्फी नाही. ब्रिटनमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 464 पेशंट होते. चार महिन्यांनी दिशादर्शन न करणारं (रॉजर्स यांच्या धर्तीचं) समुपदेशन आणि सीबीटी दोन्ही फॅमिली डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरले. बारा महिन्यांनी तिन्ही गट सारखेच होते. 2021 मध्ये शेफील्डची मोठी चाचणी आली: मध्यम आणि तीव्र नैराश्याचे 510 जण, एका बाजूला व्यक्तिकेंद्रित अनुभवात्मक समुपदेशन, दुसऱ्या बाजूला सीबीटी. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित पद्धत सीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. बारा महिन्यांनी मात्र सीबीटी पुढे होती. तुमचा "रात्री पुन्हा त्याच घोळात" हा मुद्दा या दुसऱ्या आकड्याशी जुळतो, आणि तो मी मान्य करते. फायदा टिकावा म्हणून काही जणांना नंतर साधनं लागतात.

पण क्रम महत्त्वाचा. जिला आपला रागच अजून दिसलेला नाही तिला "रागावता कामा नये ही मागणी कशाच्या आधारावर?" असं विचारलं, तर तिला वाटतं की नवरा, सासू आणि डॉक्टर यांच्यापाठोपाठ आता या ताईसुद्धा माझी चूक काढतायत. आधी तीन-चार भेटी निखळ ऐकण्याच्या, मग हवं असेल तर विचारून: "रात्री विचार थांबत नाहीत म्हणालात. त्यासाठी करून बघायची एक रीत आहे, बघायची का?" नको म्हणाली तर नको. दोन्ही पद्धतींची एकाच भेटीत भेळ मात्र करू नका. दहा मिनिटं ऐकून एकदम वादविवाद सुरू झाला की आधीचं ऐकणं फसवं वाटतं.

आणखी एक. "भोग आहेत, भोगून संपवायचे" हे वाक्य वारंवार ऐकू येईल. विवेकनिष्ठ सवयीचा समुपदेशक तिथे लगेच प्रश्न उभा करतो. तसं करू नका. कुणाला त्या वाक्यात आधार असतो, कुणाची त्यात हार असते. स्वरावरून ओळखा आणि जे ऐकू येईल तेच परत द्या.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद आणि समुपदेशन वेगळं ठेवण्याचं आजच सहकारीणीशी बोलले. दोन गोष्टी राहिल्या: किडनी देण्याचा प्रश्न आणि पुढे पाठवण्याची वेळ. शिवाय मुलगे आणि वडील फक्त पैशांबद्दल बोलतात, भावनेकडे येतच नाहीत. त्यांचं काय करायचं?

चौथा_मजला

शेवटून सुरू करते. पैशांच्या बोलण्यामागे "खरी भावना" शोधत बसू नका. कर्ज हीच त्यांची भावना असते. "सोनं गहाण पडलं, आता बहिणीचं लग्न कसं करू" यात भीती, अपराध, लाज सगळं आलं. तुम्ही "पण तुम्हाला कसं वाटतं?" विचारलंत की ते "काय वाटायचंय" म्हणून मिटतात. "आईचं औषध आणि बहिणीचं लग्न, दोन्ही एकाच पगारात" असं म्हणालात तर बोलत राहतात. पुरुषांना बसवून बोलण्यापेक्षा औषधाच्या दुकानापर्यंत बरोबर चालताना बोलणं सोपं जातं. पण गंभीर काही निघालं की खोलीत या.

किडनी. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा, त्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं यांच्याबरोबर आजी-आजोबा आणि नातवंडंही आता जवळच्या नात्यात येतात. दात्याची संमती स्वखुशीची असली पाहिजे, ही कायद्याची अट. प्रत्यक्षात आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. त्यातल्या कितीजणींना "नाही" म्हणायची जागा होती, हा प्रश्न प्रत्येक समुपदेशकाने मनात धरूनच बसावं. व्यक्तिकेंद्रित पद्धतीची सगळ्यांत जास्त गरज मला इथे वाटते, कारण खोलीतल्या प्रत्येकाला, डॉक्टरांनासुद्धा, काहीतरी एक उत्तर हवं असतं. तुम्हाला कुठलंच नको असलं पाहिजे.

म्हणून दाता म्हणून जिचं नाव पुढे आलंय तिला एकटीला भेटा. नवरा, भाऊ, सासू कोणीही सोबत नको. प्रत्यारोपण समन्वयक आणि समुपदेशक एकच व्यक्ती नको. किमान दोन भेटी, मध्ये आठवडाभराचं अंतर, कारण पहिल्या भेटीत बहुतेक जणी "मी आनंदाने देतेय" म्हणतात आणि ते खरंही असू शकतं. त्यावर संशय घेऊ नका, नुसता होकारही भरू नका. "आनंदाने देतेय. आणि तरी आज इथे येताना मनात काय काय होतं?" एवढं मोकळं ठेवा. पेशंट दगावला तर काय, माझं काही बरंवाईट झालं तर मुलांचं काय, दिली नाही तर घरात मला काय म्हणतील, हे तिन्ही विषय तिच्याकडून आले तर त्यांच्यासोबत राहा. न आले तर दुसऱ्या भेटीत माहिती म्हणून मांडा: शस्त्रक्रियेचे धोके, बरं व्हायला लागणारा वेळ, आणि अगदी शेवटच्या क्षणीही माघार घेता येते हे. हा सल्ला नव्हे, हा तिचा हक्क आहे.

"नाही" आलं तर घरच्यांना काय सांगायचं हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. "दाता म्हणून योग्य ठरत नाहीत, अधिक तपशील आम्ही कोणालाच देत नाही" हे वाक्य सगळ्याच नाकारलेल्या दात्यांसाठी वापरायचा नियम असला की तिच्यावर बोट येत नाही. नियम ठरायच्या आधी या भेटी सुरू करू नका.

आता कुठे थांबायचं. जीव देण्याचा विचार: "हे सगळं संपावं" असं कोणी म्हटलं की सूर पकडून थांबणं पुरेसं नाही. सरळ विचारा: "संपावं म्हणजे स्वतःचा जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. "हो" आलं तर कसा, कधी, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, हे विचारायचं. घरात पेशंटची औषधं असतात, इन्सुलिन असतं, ती कोणाच्या ताब्यात आहेत तेही विचारायचं. योजना ठरलेली असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं; तो प्रत्येकाला पहिल्याच भेटीत लिहून द्या. इथे तुम्ही दिशा देता, आणि ते या पद्धतीशी विसंगत नाही. सच्चेपणाने म्हणा: "मला तुमची काळजी वाटते, म्हणून आज मी हे ठरवतेय."

बाकी खुणा: दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटणं, खाणंपिणं सुटणं, कानात आवाज येणं, पक्का संशय, अनावर धुणं-तपासणं, दारू, मारहाण. रॉजर्स यांनी स्वतः अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबरोबर मोठा प्रकल्प केला, पण निकाल अपेक्षेइतके आले नाहीत. तीव्र मानसिक आजारात ही पद्धत औषधाच्या जोडीला चालेल, औषधाऐवजी नाही. मारहाण असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि 181 ही महिला हेल्पलाइन.

मोजमापासाठी पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली मराठीत आहे: नऊ प्रश्न, गेले दोन आठवडे, 0 ते 27 गुण. 10 किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा, तो एकूण गुण कितीही कमी असले तरी वेगळा बघायचा. फॉर्म पहिल्या भेटीच्या सुरुवातीला पुढे करू नका, नाहीतर ती भेट सरकारी चौकशी होते. शेवटच्या दहा मिनिटांत, तिच्याबरोबर बसून भरा, आणि सहाव्या भेटीत पुन्हा. व्यवस्थापनाला दाखवायला नावं काढून टाकलेले हे आकडे चालतील. (हाच फॉर्म डायलिसिसच्या पेशंटला दिलात तर थकवा, भूक, झोप यांचे गुण आजारामुळेच वाढतात, हे ध्यानात ठेवा.)

उंबरा

सरावाबद्दल राहिलं. रॉजर्स यांनी 1940 च्या सुमारास ओहायोत सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि 1942 च्या पुस्तकात एक पूर्ण केस शब्दशः छापली. आपण खोलीत काय करतो हे आठवणीतून सांगता येत नाही, ऐकावंच लागतं.

तुम्ही दोघींनी खऱ्या नातेवाइकांचं रेकॉर्डिंग करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा एकमेकींबरोबर दहा मिनिटांचं सत्र करा, बोलणारीने स्वतःचा खरा पण फार खोल नसलेला विषय घ्यायचा. फोनवर रेकॉर्ड करा. मग त्यातली पाच मिनिटं शब्दशः वहीत उतरवा आणि समुपदेशकाच्या प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर घाला: प्र (प्रश्न), स (सल्ला), धी (धीर देणं), मा (माहिती), प्रति (समोरच्याचा अर्थ परत देणं). पहिल्या वेळी पान "प्र" आणि "धी" यांनी भरलेलं दिसेल, सगळ्यांचंच दिसतं. निम्म्याहून जास्त प्रश्न असले तर ती मुलाखत झाली. प्रत्येक "प्र" च्या जागी "प्रति" काय आला असता ते शेजारी लिहा. प्रश्न अजिबात नकोत असं नाही, पण आपली उत्सुकता भागवणारे आधी गळू द्या.

शांततेचाही सराव करा. दहा-पंधरा सेकंद कोणी बोललं नाही तर चालतं. पण गावाकडून आलेल्या वयस्कर माणसाला आपण गप्प बसलो की आपलं काही चुकलं असं वाटतं. एकदाच "सावकाश बोला, घाई नाही" म्हणून ठेवा.

महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी समुपदेशकाकडे दोघींनी मिळून बसा आणि त्याची फी प्रस्तावातच लिहा. नंतर मागायला गेलात तर मिळत नाही. एका दिवसात तीनपेक्षा जास्त जणांना वेळ देऊ नका. चौथ्या भेटीपर्यंत कान बधिर होतात आणि तोंडातून "धीर धरा" निघायला लागतं.